स्वयंपाक एकच, डावी बाजू ज्याची त्याची

तू जे विचारलं आहेस ते आधी थोडक्यात मांडते. माहेर रत्नागिरीकडचं, सासर जळगावचं, संसार नाशकात. नवऱ्याला आठवड्यात दोनदा तरी शेवभाजी किंवा भरीत-भाकरी लागते, नाहीतर जेवल्यासारखं वाटत नाही. सासऱ्यांना बीपीमुळे मीठ कमी. तेरा वर्षांचा मुलगा भाजी बघून तोंड वाकडं करतो, सहा वर्षांची मुलगी वरण-भात-तुपाच्या पुढे जात नाही. नोकरीवरून आल्यावर तू रोज तीन-चार वेगळ्या गोष्टी करत बसतेस. कॉलेजच्या चार मैत्रिणींना भेटून दीड वर्ष झालं, दर वेळी ठरतं आणि मोडतं. शेवटी लिहिलं आहेस, "काकू, सगळ्यांच्या आवडी जपता जपता माझी पार वाट लागली आहे. माझं कुठे चुकतंय?"

मी पुण्यात पेठेत २७ वर्षं मेस चालवली. १९९३ साली सहा डब्यांनी सुरुवात केली, शेवटी शेवटी सत्तर मेंबर होते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, मुलं गावी गेली, आणि नंतर मोठी पातेली माळ्यावरून खाली काढायचं माझंही मन झालं नाही. जळगावचा, रत्नागिरीचा, लातूरचा, वर्ध्याचा आणि कोल्हापूरचा मुलगा एकाच पंगतीत बसवून जेवू घालणं हाच माझा धंदा होता. तुला चार जणांना जेवू घालायचं आहे, माझ्याकडे सत्तर होते. तेव्हा अधिकारानं बोलते, आणि अगं-तुगं करते त्याचा राग मानू नकोस, मेसची सवय आहे.

तुझं चुकतंय ते इतकंच, की तू प्रत्येकाची आवड पातेल्यात शोधते आहेस. आपल्या जुन्या बायकांनी तिची सोय ताटात करून ठेवली आहे. पान वाढताना डाव्या बाजूला काय असतं? मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे वरण-भात. उजवी बाजू सगळ्यांची सारखी असते, आणि ज्याला जितकं आंबट, तिखट, खारट हवं तितकं तो डावीकडून घेतो. हे एकदा कळलं की चार भाज्यांची कटकट संपते. मला कळायला तीन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना विचारून स्वयंपाक करायचे. फळ्यावर लिहायचे, उद्या काय करू? खडूनं खाली उत्तरं यायची. वांगं नको, दोडका नको, भोपळा तर बघायलाही नको. तेवढं सगळं वगळलं तर रोज बटाटाच उरत होता. मग एक सवय लावून घेतली. कामाच्या मावशी ताटं घासायला बसायच्या आधी मी उष्ट्याच्या बादलीत डोकवायचे. ही घाणेरडी वाटणारी गोष्ट तूही आठ दिवस कर. माणूस तोंडानं काय सांगतो आणि ताटात काय टाकतो यात फार फरक असतो. वांगं नको म्हणणारी पोरं भरीत बोटांनी पुसून खायची. त्यांना रस्साभाजीतली वांग्याची सुटी झालेली, चामड्यासारखी साल नको असायची. दोडका नको म्हणणारे दोडक्याची शिरा काढून चण्याची डाळ घातलेली भाजी दोनदा मागायचे. नावड बऱ्याचदा भाजीची नसतेच, ती जिभेला कशी लागते त्याची असते. तुझ्या मुलाच्या ताटात नेमकं काय उरतं ते बघ. शिजलेल्या टोमॅटोच्या साली उरत असतील तर टोमॅटो किसून घाल, सालीचं सालपट हातात राहतं. झालं काम.

आता पातेल्याचं. एक वाटी तूरडाळ हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकरला लाव. मीठ नको, आंबट तर मुळीच नको. आंबट आधी पडलं की डाळ शिजत नाही, दगड होऊन बसते. डाळ घोटलीस की पहिली पळी मुलीसाठी बाजूला, वर तूप. दुसरी सासऱ्यांची. राहिलेलं दोन पातेल्यांत विभाग. एकात आमसुलं, गूळ, गोडा मसाला आणि ओलं खोबरं, म्हणजे तुझ्या माहेरची आमटी झाली. दुसऱ्यावर कढल्यात तेल तापवून मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण आणि सुक्या लाल मिरच्यांची चरचरीत फोडणी ओत, ते तुझ्या नवऱ्याचं. एका कुकरवर चार चवी झाल्या, आणि जास्तीचे गेले ते दहा मिनिटं आणि एक कढलं.

शेवभाजीचंही तेच. कांदा आणि सुकं खोबरं लोखंडी तव्यावर चांगलं काळपट होईपर्यंत भाजून, आलं-लसूण घालून वाटण करून ठेव. फ्रीजमध्ये ते पाच-सहा दिवस सहज टिकतं, त्यामुळे रविवारी एकदाच बसायचं. संध्याकाळी तेलात वाटण परतायचं, खान्देशी काळा मसाला घालायचा, कढत पाणी ओतून रस्सा उकळायचा. आता इथे मेसमधली एक खरी युक्ती सांगते. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून रस्सा दहा मिनिटं मंद आचेवर ठेवलास की जाळ बराचसा वर तरंगणाऱ्या तर्रीत जमतो. वरची तर्री पळीनं एका वाटीत काढून घे. खालचा रस्सा तुझ्या मुलाला चालेल, त्यात उकडलेलं अंडं किंवा वाफवलेले मटार सोड. तर्रीची वाटी नवऱ्यापुढे ठेव, हवी तितकी ओतून घेऊ दे. माझ्याकडे नागपूरकडची पोरं नुसती तर्री मागायची आणि चिपळूणचा एक मुलगा रस्सा फुंकून फुंकून प्यायचा, आणि दोघांना एकाच पातेल्यातून वाढलेलं असायचं. आणि तिखट लागलं तर पाणी नको देऊ, पाण्यानं काही होत नाही. दही किंवा दूध दे.

सासऱ्यांच्या मिठाबद्दल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. तू त्यांच्या भाजीत चिमूटभर कमी करतेस ते बरोबर आहे, पण त्यांच्या पानात डावीकडे काय आहे ते बघितलंस का? पापड, लोणचं, वाळवणाची मिरची आणि चहाबरोबर खारी. भाजीत वाचवलेलं मीठ तिथून दामदुपटीनं परत येतं. लोणच्याच्या जागी लिंबाची फोड आणि ताजी कोथिंबिरीची चटणी ठेव. आंबट आणि लसणाचा वास असला की मीठ कमी असल्याचं फारसं जाणवत नाही. बाजारात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, ते मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही.

मुलीची काळजी सोड. लहान मुलांना कडू जरा जास्तच जाणवतं आणि नवीन चव पहिल्या फटक्यात आवडणं दुर्मीळ. एकच गोष्ट आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, समोर यावी लागते. पानात चमचाभर भाजी वाढ आणि विसरून जा. "एक घास खाल्लास तर चॉकलेट देईन" असं चुकूनही म्हणू नकोस. त्यातून मूल एवढंच शिकतं, की ही भाजी इतकी वाईट आहे की खाण्याबद्दल लाच मिळते.

डाव्या बाजूसाठी पंधरा दिवसांतून एकदा तासभर काढ. शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळ्याची, लसूण-खोबऱ्याची, आणि मुलांसाठी मेतकूट. जवस आणि कारळं एका वेळी थोडंच कर, त्यांना तेल सुटून लवकर खवट वास येतो. बरण्या टेबलावर उघड्यावर राहू देत, कपाटात नकोत. कपाटातली चटणी मागावी लागते, आणि मागितली की ती तुलाच उठून द्यावी लागते.

आणखी एक मेसचा नियम म्हणजे वार. सोमवारी उसळ, बुधवारी पिठलं-भाकरी, शनिवारी भरीत, रविवारी दुपारी फिस्ट आणि रविवारी संध्याकाळी बंद. पुण्यातल्या मेसमध्ये जेवलेल्या कुणालाही ती रविवारची संध्याकाळ आठवत असेल. वार ठरले तशी माझ्याकडची कुरकुर निम्म्यानं कमी झाली. आपला वार येणार आहे हे माहीत असलं की माणूस दुसऱ्याच्या वाराला गप्प जेवतो. तुझ्या घरात पाच माणसं आहेत. पाच वार पाच जणांचे कर, एक सगळ्यांचा, आणि रविवारची संध्याकाळ बंद. पाच म्हटलं, चार नाही. तू पत्रात सगळ्यांची आवड लिहिलीस आणि स्वतःबद्दल लिहिलंस, "मला काय, काहीही चालतं."

या "काहीही चालतं"वर माझा राग आहे. मेसमध्ये सगळ्यांत अवघड मेंबर हाच. तिखट जास्त झालं म्हणून ओरडणारा परवडतो, दुसऱ्या दिवशी तिखट कमी करता येतं. काहीही चालेल म्हणणारा महिनाभर गोड हसून जेवतो आणि पहिल्या तारखेला मेस बदलतो. का गेला ते कधीच कळत नाही. तुझ्या घरच्यांना तुझी आवड माहीत नाही यात त्यांचा दोष कमी आहे. कुळथाचं पिठलं आणि भात हा तुझा वार म्हणून सांग. जळगावच्या माणसांना कुळीथ पहिल्यांदा आवडणार नाही. नको आवडू दे, डावीकडे ठेचा आहे.

आता आवडीबद्दलची एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आवड शिळी होते. माझ्या मुलाला आठव्या वर्षी साबुदाण्याची खिचडी इतकी आवडायची की उपवास नसतानाही हट्ट करायचा. मी ती त्याची आवड म्हणून पक्की करून टाकली. नोकरीला बंगळुरूला गेला, सुट्टीला आला की पहिल्या सकाळी खिचडी. त्याचं लग्न झालं. सून दुसऱ्यांदा राहायला आली तेव्हा ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, त्यांना साबुदाण्यानं पित्त होतं. तुम्ही एवढ्या हौसेनं करता म्हणून खातात." हिशोब केला तर सहा वर्षं तो गुपचूप खात होता, आणि मी मेसच्या सत्तर पोरांच्या ताटात डोकावणारी बाई, घरच्या एका ताटात डोकावले नव्हते. आता विचारते. हल्ली त्याला सकाळी मुगाचं धिरडं लागतं, आणि उद्या तेही बदलेल. तुझ्या नवऱ्यालाही विचारून बघ, शेवभाजी खरंच दोनदा हवी आहे, की तू कधीतरी ठरवलंस आणि त्यानं मान डोलावली?

आवड नीट ऐकूही यावी लागते. वर्ध्याचा एक मुलगा पहिल्याच दिवशी विचारायला लागला, "काकू, सांभार नाही टाकला का?" मी म्हटलं, अरे आज इडली कुठे आहे? तो परत तेच. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांना वेडे समजत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं मंडईच्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी उचलून दाखवली. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे मला तिशी उलटून गेल्यावर कळलं. त्यानंतर माझ्या खाड्यांच्या वहीत प्रत्येक मेंबरच्या नावासमोर, किती दिवस जेवला नाही त्या आकड्यांच्या शेजारी, समासात एक शब्द लिहायला लागले. "सांभार." "भाताची खालची बाजू." "पोळी तुपाशिवाय." वाढदिवसाला मी तो समास बघत नसे, वाढदिवसाला मित्र हॉटेलात नेतातच. पण राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि एखादा मुलगा न बोलता पान घेऊन कोपऱ्यात बसला, की वही उघडायची.

मैत्रिणींचं आता. तुमचं मोडतं याचं कारण तुम्ही चौघींनाही जमेल असा दिवस शोधता. असा दिवस नसतोच गं. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासूबाईंचा मोतीबिंदू, कुणाची ऑडिट. तेव्हा दिवस आधी ठरवून टाका, महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. दोघी आल्या तरी भेट झाली असं धरायचं. ज्या नाहीत त्यांचा खाडा. "मग पुढच्या आठवड्यात बघू या का" हे वाक्य ग्रुपवर बंद. घरी मेस बंद आहेच, नवरा मुगाची खिचडी लावेल. लावता येत नसेल तर शिकेल, डाळ-तांदूळ आणि तीन शिट्ट्या.

आमची भिशी १९९७ पासून आहे. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी तेव्हा शंभर, आता हजार. चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम, आणि पुढच्या महिन्यात तिच्याकडे जमायचं. भिशीचा खरा उपयोग पैशाचा नाही असं म्हणतात, मला ते पटत नाही. पैशाचाच आहे. पाकीट द्यायचं असतं म्हणून बाई घराबाहेर पडते, घरचेही "जाऊ नको" म्हणत नाहीत. गप्पांसाठी चालले म्हटलं असतं तर दहा वेळा अडवलं असतं. मधे चार वर्षं आमच्यात खाण्याची चढाओढ लागली होती. एकीनं पाणीपुरी केली की दुसरी छोले-भटुरे, तिसरी केक. जिच्याकडे भिशी ती आदल्या दिवसापासून दमलेली. मग नियम केला, एक पदार्थ आणि चहा, दुसरा पदार्थ केला तर शंभर रुपये दंड. दंड एकदाच भरला गेला, तो मी भरला.

आणि बसून गप्पा मारायला वेळ नसेल तर काम बरोबर करा. जानेवारीत मटार स्वस्त होतात, पाच किलो आणून दोघींनी सोलायला बसा. उन्हाळ्यात कुरडया घाला. हात गुंतलेले असले की जे समोरासमोर बसून बोलता येत नाही ते बोलून होतं. माझ्या मेसच्या मागच्या दारी असंच चालायचं.

त्या मागच्या दाराशी माझी एक मैत्रीण यायची, बुधवारी, पिठल्याच्या दिवशी. तिला लोखंडी कढईच्या तळाला लागलेली पिठल्याची खरवड आवडायची. उलथन्यानं खरवडून, त्यावर कच्चं तेल आणि कांदा घालून उभ्या उभ्या खायची. खरवड कुणी पाहुण्याला वाढत नाही, आणि पाहुणी मागतही नाही. पुढे भिशीच्याच एका हप्त्यावरून, मी दिला म्हणत होते आणि ती नाही मिळाला म्हणत होती, आमचं बोलणं बंद झालं. दीड वर्ष. तुमच्याइतकंच. तिचा एक पितळी डबा माझ्याकडे राहिला होता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून मी तो परतच करत नव्हते. काय भरून द्यावं ते सुचत नव्हतं, लाडू दिले असते तर माफी मागितल्यासारखं झालं असतं आणि चूक माझी आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. एका बुधवारी कढई घासायला टाकताना खरवड निघाली, चांगली हातभर. ती डब्यात भरली, वर कांदा चिरून ठेवला, आणि डबे पोचवणाऱ्या मुलाच्या हाती पाठवला. अर्ध्या तासानं मागचं दार वाजलं. म्हणाली, "तेल घालायला विसरलीस."

हप्ता खरंच मीच दिला नव्हता, ते पुढे वहीत सापडलं.

तू पहिलं काम रविवारी वाटणाचं कर आणि बुधवारपासून वार लाव. शेवभाजीची शेव तेवढी पान वाढतानाच घाल, आधी घातलीस तर तिचा लगदा होतो आणि जळगावकर त्याला माफ करत नाहीत.